बारा गुंठे, कौलारू घर आणि आठ दिवसांची मुदत

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा आहे. आपण पुण्यात नोकरी करता. दिवाळीच्या सुट्टीत वेंगुर्ले आणि मालवण यांच्या मधल्या एका गावात सहकुटुंब चार दिवस राहिलात आणि किनाऱ्यापासून पाच-सहा मिनिटांच्या चालीवर असलेली बारा गुंठ्यांची आंब्याची बाग व तिच्यातले जुने कौलारू घर आपल्या मनात भरले. मध्यस्थ ६५ लाख रुपये सांगतो, आठ दिवसांत दोन लाखांचे टोकन द्या म्हणतो, आणि आपल्या नावावर शेतजमीन नाही हे कळल्यावर ‘शेतकरी दाखल्याचं आम्ही बघतो’ असे आश्वासन देतो. भाव वाजवी आहे का आणि हे घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

मी बावीस वर्षे सिंधुदुर्ग जिल्ह्यात वकिली करतो आणि माझ्या कामाचा मोठा भाग जमिनींचे हक्क तपासण्याचा आहे. भावाबद्दल मी आज काही सांगणार नाही, कारण आपण नेमके काय विकत घेत आहात हे अजून ठरलेलेच नाही. कोकणातली जमीन तीन जागी असते: एक सातबाऱ्यावर, दुसरी प्रत्यक्ष जागेवर आणि तिसरी गावाच्या वहिवाटीत. या तिन्ही जमिनी एकमेकींशी जुळल्या की मग भावाची चर्चा करावी. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी फसवणुकीच्या थोड्या असतात. विकणारा प्रामाणिक, घेणारा प्रामाणिक, आणि तरीही या तिघींपैकी एक भलतीकडेच गेलेली, अशा जास्त असतात.

सुरुवात दाखल्यापासून करतो, कारण पुष्कळदा व्यवहार तिथेच संपतो. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात कोठेही आपल्या नावावर, किंवा एकत्र कुटुंबाच्या नात्याने वडील-आजोबांच्या नावावर शेतजमीन असेल, तर आपण कदाचित आजही शेतकरी असाल आणि ते सिद्ध करणारी कागदपत्रे गावाहून आणावी लागतील, इतकेच. तसे काही नसेल, तर मध्यस्थ ‘बघतो’ म्हणतो तो दाखला म्हणजे कोणा अनोळखी कुटुंबाच्या सातबाऱ्यावर आपले नाव घुसवण्याचा उद्योग असतो. तो करू नये. असा व्यवहार उघडकीला आला तर कलम ८४-क खाली तो अवैध ठरवून जमीन शासनाकडे जमा करण्याची तरतूद आहे, आणि तक्रार करायला एखादा नाराज हिस्सेदार पुरेसा असतो. दहा वर्षे काही झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही, असे समजून बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

मग मार्ग कोणते? आधीच अकृषिक झालेला, म्हणजे शेतीखेरीज वापराला परवानगी मिळालेला, भूखंड कोणालाही घेता येतो. गावठाणातले घर घेता येते. आणि तिसरा मार्ग असा की विकणाऱ्याने स्वतः आधी जमीन अकृषिक करून द्यावी व मग आपण ती घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींना हे तुलनेने सोपे झाले आहे. मात्र ‘होऊन जाईल’ आणि ‘झाली आहे’ यांत जे अंतर आहे, त्याचे पैसे आपण भरू नयेत. अकृषिक परवानगीची पद्धत अलीकडे वारंवार बदलली आहे, म्हणून आपल्या गट किंवा हिस्सा नंबरासाठी आज नेमके काय लागू आहे ते मालकाच्या अर्जावर तहसील कार्यालयाकडून लेखी घेतलेले बरे. आपण किंवा आपल्यासोबत पैसे घालणारे कोणी परदेशस्थ नागरिक असाल, तर विदेशी चलनाच्या नियमांनुसार शेतजमीन, मळा किंवा शेतघर विकत घेणे त्यांना मुळातच बंद आहे.

‘शेतघर बांधू’ हा पर्यायही मध्यस्थ सुचवतील. शेतघराला निदान ४० आर, म्हणजे जवळपास एक एकर, क्षेत्र लागते. आपले बारा गुंठे म्हणजे बारा आरांपेक्षा किंचित जास्त. तेव्हा ती गोष्ट इथेच सोडून द्यावी.

बारा गुंठ्यांवरूनच दुसरा प्रश्न निघतो. हे बारा गुंठे म्हणजे एक पूर्ण हिस्सा नंबर आहे, की मोठ्या नंबरातून काढून दिलेला तुकडा आहे? १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते क्षेत्र, ठरवले गेले. आपल्याला वाटेल की आंब्याची बाग म्हणजे बागायत, आणि मग बारा गुंठे चालून जातील. परंतु बागायत, जिरायत की वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) हे सातबाऱ्यावर काय लिहिले आहे त्यावरून ठरते, डोळ्यांना दिसणाऱ्या कलमांवरून नव्हे, आणि कातळावरच्या कित्येक उत्तम बागा कागदावर आजही वरकस आहेत. तुकडेबंदीत अलीकडे सवलतीही आल्या आहेत. त्या या गावाला आणि या क्षेत्राला लागू आहेत का, हे दुय्यम निबंधकांकडे दस्त नेण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

आता सातबारा. महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, तो आजच काढा. घाटावरच्या माणसाला पहिला धक्का त्यातल्या नावांच्या रांगेचा बसतो. एका छोट्या नंबरावर वीस-बावीस नावे, काही कंसात, काहींपुढे ‘ए.कु.मॅ.’, काहींपुढे ‘अ.पा.क.’, आणि खातेप्रकार सामाईक. कंसातली नावे कमी झालेली असतात. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून ज्यांचे एकट्याचे नाव लागले आहे त्यांच्यामागे भाऊबहिणींचा हक्क उभा असतो. अज्ञान पालनकर्ता म्हणून ज्यांचे नाव आहे त्यांचे ‘अज्ञान’ मूल आता बहुधा साठीचे असून बोरिवलीला राहते.

आपल्याला ज्याने बाग दाखवली तो गावात राहणारा भाऊ असेल. घर तोच सांभाळतो, कलमांना खत तोच घालतो, आणि बोलतानाही तो ‘माझं घर’ म्हणतो. त्यात खोटेपणा नाही, त्याची वहिवाट आहे. पण त्याचा हक्क कदाचित सहाव्या हिश्श्याएवढा असेल. उरलेले हिस्सेदार मुंबईत, ठाण्यात, बडोद्याला. आजोबांच्या मृत्यूनंतर वारस नोंद करताना मुलींची नावे घातलीच नाहीत, असे तर गावोगाव झाले आहे. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क महाराष्ट्राने काही मर्यादेत १९९४ मध्ये दिला, हिंदू वारसा कायद्यात तो ९ सप्टेंबर २००५ पासून आला, आणि वडील त्या दिवशी हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे सातबाऱ्यावर नाव नसलेली आत्याही आपल्या व्यवहारातली पक्षकार असू शकते. ‘तिने केव्हाच हक्क सोडला’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. ते दाखवता आले तर सोडला, नाही तर नाही.

म्हणून एकट्या सातबाऱ्यावर थांबू नये. त्यावर ज्या फेरफारांचे (हक्क बदलल्याच्या नोंदींचे) क्रमांक आहेत ते सर्व फेरफार मागवावेत आणि पहिल्या नोंदीपासून आजपर्यंत नाव कोणाकडून कोणाकडे गेले याची साखळी कागदावर मांडावी. मी निदान तीस वर्षांचा शोध घेतो. जुन्या खोती गावात किंवा कुळाची नोंद दिसली तर त्याहून मागे जातो. ‘इतर हक्क’ हा रकाना तर भिंगाखाली वाचावा. ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असे लिहिले असेल, तर ती जमीन कुळाला कायद्याने मिळालेली आहे. तिच्या विक्रीवर बंधन आहे. खरेदीला दहा वर्षे होऊन गेली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून ते सुटते, पण ती रक्कम दस्तापूर्वी भरली गेली पाहिजे. भोगवटादार वर्ग-२, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असे दिसले तर थांबावे आणि का आहे ते विचारावे. सोसायटीच्या कर्जाचा बोजा फेडता येतो. खाजगी वनाची किंवा, आमच्या जिल्ह्यात म्हणतात तशी, ‘वनसंज्ञे’ची नोंद मात्र फेडण्याजोगी नसते, आणि तिचा निकाल लागेपर्यंत आपले पैसे अडकवण्यात काही अर्थ नाही.

झाडांचेही वेगळे पाहावे लागते. जमीन एकाची आणि माडांचे किंवा फणसाचे उत्पन्न दुसऱ्याचे, अशा नोंदी इतर हक्कांत सापडतात. शिवाय कलमे तीन किंवा पाच वर्षांच्या कराराने बागायतदाराला दिलेली असू शकतात. आपण एप्रिलमध्ये कुटुंबाला घेऊन यावे आणि आपल्याच बागेत दुसऱ्याचे गडी आंबे काढत असावेत, हे बेकायदेशीर नसते. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तेव्हा घर वाढवायला मध्ये येणारे कलम परवानगीशिवाय तोडता येणार नाही, हेही नकाशा काढण्याआधी लक्षात ठेवावे.

घराबद्दल आपण ‘शंभर वर्षांचे, घरपट्टी नियमित भरलेली’ असे लिहिले आहे. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. घर एकाच्या नावे आणि खालची जमीन दुसऱ्याच्या, ही कोकणातली नेहमीची गोष्ट आहे. तरीही हा उतारा आपल्या प्रकरणात फार महत्त्वाचा आहे, आणि त्याचे कारण समुद्र आहे.

पाच-सहा मिनिटांची चाल म्हणजे वळणावळणाच्या पाणंदीने तीन-चारशे मीटर. सरळ रेषेत ते अंतर अडीचशेही भरणार नाही, दोनशेच्या आतही असू शकेल. सागरी किनारा नियमन क्षेत्र भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत जाते. त्यातही ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. २०१९ च्या अधिसूचनेने तो पट्टा ५० मीटरवर आणला, परंतु फक्त दाट वस्तीच्या गावांसाठी, जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोक राहतात. आमच्याकडची बहुतेक किनारी गावे इतकी दाट नाहीत. त्यांना २०० मीटरच लागू राहतात. ‘आता पन्नास मीटरच आहे’ असे सांगणारा मध्यस्थ अर्धीच अधिसूचना सांगत असतो. शिवाय ही भरतीरेषा म्हणजे दिवाळीत आपल्याला वाळूवर दिसलेली ओली रेघ नव्हे. ती मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आखलेली असते, आणि खाडीच्या कडेनेही आत शिरते. समुद्र दूर असूनही मागच्या बाजूच्या खाडीमुळे अडकलेल्या जमिनी मी पाहिल्या आहेत.

ना-विकास क्षेत्रात नवे घर नाही. असलेल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मात्र जुन्या जोत्याच्या आणि जुन्या क्षेत्राच्या मर्यादेत करता येते. इथे तो असेसमेंट उतारा उपयोगी पडतो. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. घर त्यापूर्वीचे आहे, त्याचे क्षेत्र इतके होते आणि ते कौलारू होते, हे दाखवणारा ग्रामपंचायतीचा जुना उतारा मिळाला तर आपल्या घराला कायद्याच्या दृष्टीने आयुष्य आहे. तो मिळाला नाही, किंवा पडवी बंदिस्त करून मागे दोन खोल्या २०१० नंतर वाढवलेल्या निघाल्या, तर आपण ६५ लाखांना आंब्याची बाग घेत आहात आणि घर हा तिच्यातला धोका आहे. त्या दोन गोष्टींचा भाव एक असूच शकत नाही. भावाबद्दल सुरुवातीला बोललो नाही ते याच कारणाने.

आता प्रत्यक्ष जागा. आपल्याला जो गडगा (दगडी कुंपण) दाखवून ‘ही हद्द’ असे सांगितले गेले, तो गडगा आजोबांनी गुरे अडवायला घातलेला असतो. भूमी अभिलेख कार्यालयाचा त्याच्याशी संबंध नसतो. आमच्या भागात बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतात, आणि हिश्श्यांचे फाळणी नकाशे जुने असतात. माझ्या एका अशिलाने कागदावरचे चौदा गुंठे घेतले, तेव्हा गडग्याच्या आत सतरा गुंठे होते आणि तो फार खूश होता. मोजणीत त्यातले तीन गुंठे शेजाऱ्याचे निघाले, विहीर त्या तीन गुंठ्यांत होती. त्यामुळे ‘हद्द कायम’ मोजणी खरेदीखतापूर्वी झाली पाहिजे, तिचा अर्ज विद्यमान मालकाने केला पाहिजे आणि मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा प्रमाणित नकाशा) आपल्या हातात आली पाहिजे. मोजणीच्या दिवशी आपण स्वतः हजर राहावे. लगतच्या कब्जेदारांना नोटीस गेलेली असते, ते येतात, आणि ज्या तक्रारी चार वर्षांनी न्यायालयात कळल्या असत्या त्या त्या दिवशी बांधावर कळतात.

त्याच दिवशी रस्त्याचा प्रश्न विचारावा. मुख्य रस्त्यापासून आपल्या बागेपर्यंत जी पाणंद जाते, तिच्यावरून आपण गाडी नेलीत. ती गाडी कोणाच्या जमिनीतून गेली? गावच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर भारा घेऊन जायला दिलेली वाट आणि पुण्याहून आलेल्या चारचाकीची वाट, यांत शेजारी फरक करतो, आणि त्याचे पूर्णपणे चुकत नाही. नकाशावर रस्ता असेल तर उत्तम. नसेल तर ज्यांच्या जमिनीतून तो जातो त्यांच्याकडून रुंदी लिहिलेला नोंदणीकृत हक्कलेख घ्यावा, आणि त्याचा खर्च विकणाऱ्याकडे टाकावा. तहसीलदारांकडे दाद मागण्याची तरतूद आहे, पण सुट्टीसाठी घेतलेल्या घराच्या पहिल्याच वर्षी शेजाऱ्यावर अर्ज करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

वहिवाटीत आणखीही काही गोष्टी येतात ज्या कोणत्याच उताऱ्यात नसतात. जुन्या घरात कुटुंबाचा गणपती येत असेल, तर विकल्यानंतर तो कोठे आणायचा हे हिस्सेदारांनी ठरवले आहे का? आवारात कुटुंबाचे एखादे स्थळ आहे का, जिथे वर्षातून एकदा नारळ ठेवायला किंवा राखण द्यायला ते येणार? मला विचाराल तर अशा गोष्टींना हरकत घेऊ नये, उलट त्या खरेदीखतात दिवस आणि वाट यांसह लिहून टाकाव्यात. न लिहिलेली परंपरा पुढे भांडणाचे निमित्त होते. लिहिलेली असली की वर्षातून एकदा आपल्या दारात प्रसाद येतो.

आपण ही जागा नोव्हेंबरच्या आसपास पाहिली. त्या महिन्यात कोकणात वाईट दिसेल अशी जागा शोधावी लागते. विहिरी भरलेल्या, रान हिरवे, हवा कोरडी. तीच जागा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पाहावी. तेव्हा विहिरीत किती हात पाणी आहे, ते मचूळ झाले आहे का, आणि विहिरीवर आणखी कोणाचा हिस्सा आहे, हे कळते. किनाऱ्यालगत जास्त उपसा झाला की खारे पाणी आत ओढले जाते, आणि शेजारी दोन नवी निवासगृहे उभी राहिली असतील तर मागच्या वर्षीचे गोडे पाणी या वर्षी तसे असेलच असे नाही. पाणी तपासून घ्यावेच. पण मी तर शेजारच्या घरी चहा मागतो आणि डाळ शिजते का ते विचारतो.

त्यानंतर जुलैमध्ये तीन रात्री राहावे, शक्यतो त्याच वाडीत. मागच्या डोंगरावरचे पाणी कोणत्या बाजूने उतरते, व्हाळ (ओढा) कोठे फुगतो, पाणंदीत चिखल किती, वीज गेली तर किती तासांनी येते, हे सर्व आपोआप दिसेल. डोंगराच्या पोटाशी घर असेल तर अधिक सावध राहावे. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळिये येथे दरड कोसळून काय झाले ते आपल्याला आठवत असेल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर पट्ट्यातल्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा झोपवल्या, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेले. त्या दोन दिवसांत या घराचे काय झाले होते, हे मालकाला नव्हे तर शेजाऱ्याला विचारावे. देवबागसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आहे, किनाऱ्याची धूप हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे. आपल्या गावात तो आहे का, तेही तिथेच कळेल.

देखभालीबद्दल थोडक्यात सांगतो. कौलारू घराची पावसाळ्यापूर्वी दर वर्षी शाकारणी करावी लागते, माकडे कौले फोडतात, लाकडाला वाळवी लागते, आणि सिमेंटचे नवे बांधकाम असेल तर खाऱ्या हवेने आतले लोखंड गंजून स्लॅबचे पापुद्रे सुटतात. बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर खचते. गावात विश्वासाचा माणूस आणि त्याचा महिन्याचा मोबदला, हे दोन्ही हिशेबात धरल्याशिवाय खरेदीचा आकडा पूर्ण होत नाही. ‘पर्यटकांना भाड्याने द्या, हप्ता सुटेल’ असे आपल्याला सांगितले गेले आहे. पर्यटन विभागाची न्याहारी-निवास योजना आहे आणि काही जण ती नीट चालवतात; पण चालवणारा गावात असतो, पुण्यात नसतो. शेतजमिनीवरच्या घराला बँका गृहकर्ज द्यायला सहसा तयार नसतात, ते वेगळेच.

आता भाव. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यातल्या मोपाहून जानेवारी २०२३ पासून विमाने सुटू लागली, त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत धावू लागली, आणि रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचे नाव तर प्रत्येक मध्यस्थाच्या पहिल्या तीन वाक्यांत असते. यांतल्या झालेल्या गोष्टींचा भाव जमिनीत आधीच मिळवलेला आहे. होणाऱ्या गोष्टींचा भाव आपण का द्यावा? त्यातही रस्ता किंवा प्रकल्प खरोखर येणार असेल, तर तो आपल्याच बागेतून जाणार नाही याची खात्री आधी करावी लागते. माझी पद्धत अशी आहे की त्याच गावातल्या मागील दोन वर्षांच्या खरेदीखतांची सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा) काढतो आणि त्यांतले अकृषिक भूखंड, घरासह बागा व नुसत्या बागा वेगळ्या मांडतो. दस्तात दाखवलेले आकडे सर्वस्वी खरे असतात असे नाही, परंतु सांगितलेला भाव त्यांच्या कितीपट आहे हे पाहिले की बोलणी करताना आवाज आपोआप खाली येत नाही. मुद्रांक शुल्क दस्तातला मोबदला आणि शासकीय बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये.

राहिला टोकनाचा प्रश्न. आठ दिवसांत वरील गोष्टींपैकी एकही पूर्ण होत नाही, त्यामुळे दोन लाखांचे टोकन मध्यस्थाच्या हातात देऊ नये. जागा हातची जाईल ही भीती समजू शकतो. म्हणून अगदीच राहवत नसेल तर थोडी रक्कम सर्व मालकांच्या खात्यांवर चेकने द्यावी आणि विसार पावतीत स्पष्ट लिहून घ्यावे की हक्क, मोजणी, रस्ता किंवा किनारा नियमन यांपैकी कशातही दोष निघाल्यास ती रक्कम अमुक दिवसांत परत करायची आहे. रोखीने काही मागितले तर नकार द्यावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मग नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार), मोजणी, आणि शेवटी खरेदीखत. कुलमुखत्यारपत्रावर सही करणारा कोणी असेल, तर ज्याने ते लिहून दिले तो आज हयात आहे याची खात्री करावी, कारण देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर मुखत्यारपत्रही संपते. वयस्क हिस्सेदारांच्या बाबतीत हा प्रसंग मी दोनदा पाहिला आहे.

मध्यस्थाला आपण असे कळवावे की आपल्याला जागा आवडली आहे आणि आपण शिमग्याला गावात येत आहात. कोकणातले चाकरमानी वर्षातून दोनदा हमखास घरी येतात, शिमग्याला आणि चतुर्थीला. ज्या वारसांच्या सह्यांसाठी एरवी सहा महिने मुंबई-ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतात, ते सगळे तेव्हा एका पडवीत बसलेले असतात, आणि कोणाची विक्रीला मनापासून संमती आहे व कोण नुसता गप्प आहे, हे अर्ध्या तासात कळते. तोपर्यंत सातबारा, सर्व फेरफार, १९९१ पूर्वीचा असेसमेंट उतारा आणि मोजणीच्या अर्जाची पोच मालकाकडून मागून ठेवावी. मालक ही चार कागदपत्रे द्यायला तयार असेल तर शिमग्यापर्यंत थांबायलाही तो तयार होतो, असा माझा अनुभव आहे. दरम्यान त्याच वाडीत एखादे घर अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने मिळत असेल तर जरूर घ्यावे. त्यात मे महिनाही येतो आणि जुलैही.